गुरुवारची पेटी

३ जून

प्रिय दादा,

तू आपणहून पत्र पाठवणार नाहीस हे मला पाठ झालंय, म्हणून मीच लिहायला बसले. मावशी असती तर तुझा कान धरून तुझ्याकडून चार ओळी लिहून घेतल्या असत्या. फोनची गोष्टच नको. वॉर्डात मी फोन उचलला की दोन्ही आया फडकी घेऊन नेमकी तीच खिडकी पुसायला येतात. आणि तुझ्या घरचा फोन हल्ली तुझ्या घर सांभाळणाऱ्या बाई उचलतात. त्यांच्याशी मी काय बोलणार?

बातमी अशी, की आमच्या बायकांच्या वॉर्डात आता गाण्याने वेड बरं होणार आहे. हसू नकोस. मोठे डॉक्टर कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि येताना हे खूळ घेऊन आले. दर गुरुवारी सकाळी एक बाई पेटी घेऊन येते. तिशीच्या आतली, मऊ आवाजाची, आणि सगळ्यांना 'आपण' म्हणणारी. ज्या बयेने सकाळीच आयाच्या डोक्यात चहाचा पेला घातला, तिलाही ही गुडघ्यावर बसून विचारते, "आपल्याला कुठला सूर बरा वाटतो?" आम्ही तिला पेटीवाली म्हणतो.

थोरली आया तर रागाने धुमसते आहे. तिचं म्हणणं, जन्मभर आम्ही ह्यांची घाण काढली, आम्हाला कधी कुणी सूर विचारला नाही. धाकटी खूश आहे, कारण त्या तासाला तिला बसायला मिळतं. मोठ्या डॉक्टरांना वर पाठवायला अहवाल मिळतो. आणि मला, वॉर्डाच्या सिस्टरला, काय मिळतं, तर जेवणाच्या खोलीतली बाकं सरकवायचं काम आणि नंतर डोकेदुखी. वीस बायका वीस सुरांत किंचाळतात, दादा. त्यातल्या निम्म्या तर दुसरंच काहीतरी गात असतात.

आमची जुनी रीत काय वाईट होती? एखादी फारच अंगावर आली की तिला आम्ही वाळत घालतो. हा आमच्या वॉर्डातला शब्द. आंघोळ झाली की तिला न्हाणीतच ठेवायचं, कपडे द्यायचे नाहीत, आणि तोंड बंद होईपर्यंत बाहेरून कडी. मारहाण नाही, ओरखडा नाही, अंगावर काही उमटत नाही. थोड्या वेळात वाघिणीची शेळी होऊन बाहेर येते. हे सगळं पेटीतून व्हायचं असेल तर होऊ दे, मी वाट बघते.

आता तुझ्या बायकोची खबर. वहिनी आहे तशीच आहे. भिंतीकडे तोंड, हात मांडीत, आणि इतक्या वर्षांत एक अक्षर नाही. गुरुवारी तिलाही दोघी मिळून नेऊन बसवतात. पोतं ठेवावं तशी ती बाकावर असते. तेवढं बाकी बरं आहे, वॉर्डात तिच्याइतका कमी त्रास कुणाचाच नाही. तिच्यासमोर आम्ही पगारापासून सवतीपर्यंत सगळं बोलतो.

मुलीला माझे आशीर्वाद सांग. आत्याला विसरली का विचार.

तुझी
बारकी

१५ जून

प्रिय बारके,

तुझं पत्र वाचून कचेरीत एकटाच हसत बसलो. साहेबांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, माझी मावसबहीण आता गायनशाळा चालवते. तू लहानपणापासून अशीच, तुझ्या जिभेला कुणी औषध शोधलं नाही. आणि ते वाळत घालण्याचं तर फारच आवडलं. आमच्या हिशेबखात्यात दोघे-तिघे आहेत, त्यांना पाठवू का तुझ्याकडे?

एक कर, यापुढची पत्रं ह्याच पत्त्यावर, कचेरीत पाठव. घरी बाई टपाल उघडतात. वाईट हेतूने नव्हे, त्यांना वाटतं विजेचं बिल असेल.

तुला म्हणून सांगतो, मुलीचं लग्न ठरल्यातच जमा आहे. मुलगा शिकलेला आहे, स्वतःचं घर आहे, आणि माणसं सावध आहेत. त्यांनी हिच्याविषयी, मुलीच्या आईविषयी, विचारलंच. मी लपवलं नाही. सांगितलं, डोक्याला ताप चढला आणि त्यातून उठलीच नाही, आता कुणाला ओळखत नाही. ते म्हणाले, मग असो. माणूस आहे पण नाही, हे त्यांना पटतं. मुलीलाही मी पहिल्यापासून हेच सांगत आलोय. सुरुवातीला रडायची, भेटायला चल म्हणून हट्ट धरायची. मग समजली. आपल्याला न ओळखणाऱ्या आईसमोर जाऊन उभं राहण्यात काय अर्थ आहे, हे तिचं तिलाच कळलं.

तेव्हा तुझ्या पेटीवालीला म्हणावं, वाजव बापडे. हिच्या कानात ते गेलं काय नि भिंतीच्या कानात गेलं काय.

तब्येत सांभाळ. तू आहेस म्हणून मला तिकडची काळजी नाही.

तुझा
दादा

२० जुलै

प्रिय दादा,

बसला असशील तर बरं, उभा असशील तर बस. वहिनी बोलली.

कशी, ते ऐक. ह्या पेटीवालीची एक पद्धत आहे. प्रत्येकीने आपल्या दिवसातली एक ओळ सांगायची, काहीही, मग ती ओळ पेटीवर धरायची आणि सगळ्यांनी मिळून म्हणायची. 'चहा गार होता' ह्याचं गाणं झालंय आमच्याकडे, 'माझा डावा बूट कुणी नेला' ह्याचंही झालंय. दोन गुरुवारांपूर्वी ती असंच काहीतरी धरून डोळे मिटून गात होती, आणि कोपऱ्यातून आवाज आला, गंजलेल्या बिजागरीसारखा. "बाई, तुमची पेटी बेसूर आहे."

मला वाटलं थोरली आयाच बोलली. बघते तर वहिनी. तोंड भिंतीकडेच, पण मान वळलेली. पुन्हा म्हणाली, मधली एक पट्टी खाली उतरली आहे, महिना झाला ऐकतेय. पेटीवालीने ती पट्टी वाजवून पाहिली. वहिनीचं बरोबर होतं. ती पेटी दुरुस्तीला गेली आणि पेटीवाली पायऱ्यांवर बसून रडली. माणसाचं पहिलं वाक्य आपल्याला नावं ठेवण्याचं निघालं म्हणून कुणी इतकं आनंदाने रडताना मी पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून रोज थोडं थोडं बोलते. आज वार कुठला, ह्या खिडकीला पडदा का नाही. आणि मुलगी आता केवढी झाली असेल. हे तिने मलाच विचारलं.

आता आमच्याकडे सगळ्यांची मतं फिरली आहेत. थोरली आयासुद्धा गुरुवारी केस नीट विंचरून येते. खरं सांगायचं तर गोळ्या कमी लागतात, बायका शांत झोपतात, मी स्वतः पेटीवालीला तसं सांगितलं. शिवाय आम्हाला एक नवाच फायदा सापडला. आजवर ह्यांच्याकडून काढून घेण्यासारखं काही नव्हतं. आता जी जेवण सांडेल तिचा गुरुवार कापायचा. नुसतं बोट दाखवून 'गुरुवार' म्हटलं की पुरतं. कडी लावायचे कष्टही वाचतात, अगदीच वेळ आली तर लावतो.

मोठे डॉक्टर म्हणतात, हे असंच चाललं तर थंडीपर्यंत वहिनीला काही दिवस घरी पाठवून बघू. तोंड गोड करून घे, दादा. मला वाटलं होतं तिला मी इथूनच शेवटची पोचवणार.

तुझी
बारकी

२८ जुलै

प्रिय बारके,

पत्र मिळालं त्याच दिवशी उत्तर लिहितो आहे.

बरं वाटलं. नवऱ्याला बरं वाटणारच. पण तू मला फार आशा लावू नकोस आणि तिलाही लावू नकोस. तिचं असं पूर्वीही व्हायचं. दोन दिवस अगदी शहाण्यासारखी बोलायची आणि तिसऱ्या दिवशी खोलीला आतून कडी. तुम्ही लोकांनी तो काळ पाहिलेला नाही, मी पाहिलाय.

आणखी एक तुला माहीत नसेल. गाण्याचा तिला पहिल्यापासून त्रास आहे. घरात रेडिओ लावला की तिचं डोकं दुखायचं, भोवळ यायची. तेव्हा हा गुरुवारचा प्रकार तिच्यापुरता बंद करता आला तर बघ. बाकीच्यांचं काय ते त्या बघून घेतील. घरी पाठवण्याविषयी मोठ्या डॉक्टरांना घाई करू देऊ नकोस. इथे कोण करणार तिचं? घराला रंग काढायचाय, लग्न तोंडावर आलंय, आणि त्या लोकांना मी काय सांगितलंय ते तुला ठाऊक आहे. मुलीला यातलं काही कळवू नकोस.

तू तिच्यासाठी किती करतेस ते मी जाणतो. तेही अशा बाईसाठी, जी तू आमच्याकडे उतरलीस की तुला वेगळा कप काढून ठेवायची, कारण तुझे हात इस्पितळातले. मी तेव्हाही बोललो होतो तिला. तू मनात ठेवलं नाहीस हा तुझा मोठेपणा.

तूच काय ते बघ.

तुझा
दादा

१४ ऑगस्ट

दादा,

रेडिओ तुमच्या घरात कधी होता? तो होता आमच्याकडे, आणि सुट्टीत आला होतात तेव्हा वहिनी त्याला कान लावून बसायची. तू बाहेरून हाका मारायचास आणि तिला ऐकू यायचं नाही. मला बनवू नकोस, मी रोज अट्टल लोकांत वावरते.

तुझ्या घर सांभाळणाऱ्या बाई घरात कुठवर पसरल्या आहेत ते मला कुणी सांगायला नको. मी त्याबद्दल आजवर चकार शब्द काढला नाही, पुढेही काढणार नाही. पुरुष माणूस, एकटा पडलास, मी समजू शकते. पण माझ्या वॉर्डातल्या पेशंटचं तोंड तुझ्या सोयीसाठी मी बंद करायचं, हे मला जमायचं नाही.

कप मी विसरलेले नाही. निळ्या काठाचा होता, आणि त्याला टवका गेलेला होता. तिचा मला राग होता. ती इथे आली तेव्हा मला आतून बरंही वाटलं होतं, हे कुणाला सांगू नकोस. पण परवा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "वन्सं, तुम्ही चालता तेव्हा किल्ल्या तीनच्या ठेक्यात वाजतात आणि तुम्हाला राग आला की दोनच्या." मी इतकी हसले की आया धावत आल्या. दादा, इतक्या वर्षांत ह्या इमारतीत माझ्याकडे कुणी असं लक्ष दिलेलं नाही. मला ती आवडायला लागली आहे. आहे हे असं आहे.

थंडीत तिला घरी न्यायची तयारी कर. मुलीला सांगायचं असेल तर तू सांग, नाहीतर मी लिहीन.

बारकी

२५ ऑगस्ट

प्रिय बारके,

तू रागावलीस. रागाव. तुझा हक्क आहे. मी उलट लिहिणार नाही.

मुलीला सांगायला मला थोडा वेळ दे. लग्न होऊन जाऊ दे, मग मी स्वतः तिला घेऊन येतो. तोवर तू लिहू नकोस एवढी भीक घाल.

तू म्हणतेस ती बारीक लक्ष ठेवते. हे मात्र खरं. ती पूर्वीही तशीच होती, बोलायची कमी आणि बघायची जास्त. माझ्या खिशातलं कुठलं तिकीट कुठल्या दिवसाचं, हे तिला माहीत असायचं. मी आपला विचार करत होतो. इतकी वर्षं तिथे बसून तिने काय काय पाहिलं असेल. तुम्ही सगळं तिच्यासमोर बोलता असं तूच लिहिलं होतंस. ते न्हाणीचं वगैरेही तिच्या डोळ्यांदेखत चालत असेल. ती एकदा मोकळेपणाने बोलायला लागली, डॉक्टरांशी म्हण, कुणाशीही म्हण, तर बरंच बोलेल. बोलू दे. तुला कसली भीती? तू कायद्याने वागणारी बाई.

सहज मनात आलं ते लिहिलं. तू काळजी घे.

तुझा
दादा

१९ सप्टेंबर

प्रिय दादा,

मधे पत्र लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं, आणि आता आहे ते तुझ्याशिवाय कुणाला लिहिता येत नाही.

परवाच्या गुरुवारी मोठे डॉक्टर दोन पाहुणे घेऊन आले, पेटीचा प्रताप दाखवायला. त्यांना पुढच्या बाकावर बसवलं. पेटीवालीने नेहमीसारखं एकेकीला विचारलं, आज काय सांगता? कुणी पावाचं सांगितलं, कुणी ढेकणांचं, पाहुणे मान डोलवत होते. मग वहिनीची पाळी आली. ती म्हणाली, माझ्या दोन ओळी आहेत, चाल मीच लावली आहे. उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली,

आंघोळ झाली, दार लागलं, कपडे गेले कुठे?
गप्प होशील तेव्हा मिळतील, तोवर वाळत इथे.

ती कुणाकडे बघून म्हणत नव्हती. खोड्याही काढत नव्हती. आज काय सांगता विचारलं, म्हणून तिने सांगितलं. आदल्या दिवशी तिच्या शेजारणीला न्हाणीत ठेवलं होतं. आणि दादा, बाकीच्यांनी ते उचललं. एरवी दोन बायकांचा सूर जुळत नाही, त्या दिवशी वीसच्या वीस एका सुरात गात होत्या. टाळ्या वाजवत, हसत, पुन्हा पुन्हा. जी कधी तोंड उघडत नाही तीही गात होती. धाकटी आया दाराशी पांढरीफटक पडली. पाहुण्यांपैकी एकाने हसत विचारलं, वाळत म्हणजे काय? मी म्हटलं, धोब्याचं गाणं आहे, जुनं. मोठे डॉक्टर हसले नाहीत.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं आणि न्हाणीची कडी बाहेरून का आहे ते विचारलं. मी काहीतरी सांगितलं. ते ऐकत होते आणि टेबलावर बोटांनी तीच चाल वाजवत होते, त्यांच्याही लक्षात नसावं.

मला भीती वाटते आहे. नोकरीला थोडी वर्षं उरली आहेत आणि राहायची खोली नोकरीवर आहे. माझं पुढे कुणी नाही, तुला माहीत आहे. त्या रात्री मी तिच्या पलंगाशी गेले, म्हटलं, वहिनी, हे काय केलंस? ती म्हणाली, "खोटं होतं का?" एवढंच. रागावून नाही, खरंच विचारत होती. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

मोठ्या डॉक्टरांनी आता सगळ्यांचं मत मागितलं आहे. हे संगीताचे उपचार चालू ठेवावेत की बंद करावेत, कर्मचाऱ्यांना काय वाटतं, सगळ्यांनी बैठकीत सांगायचं. बैठकीला वेळ आहे. तू म्हणाला होतास ना, गाण्याने तिला त्रास होतो, डोकं दुखतं, भोवळ येते? ते नवरा म्हणून नीट लिहून मोठ्या डॉक्टरांना पाठव. तक्रार म्हणून पाठव. ती घरी असताना मनाने काहीबाही रचायची हेही घाल. माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस.

मागच्या पत्रात मी जरा जास्त बोलले. धरू नकोस मनात.

तुझी
बारकी

२४ सप्टेंबर

प्रिय बारके,

तू सांगितलंस आणि झालं. अर्ज काल टपालात टाकला. टाईप करून घेतला, दोन पानं झाली. इतका छान उतरलाय की वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. रेडिओचं घातलंय. माझ्यावर, तुझ्यावर, शेजाऱ्यांवर ती कसे आळ घ्यायची तेही घातलंय. शेवटी म्हटलंय, की माझ्या पत्नीच्या आजाराचा तमाशा पाहुण्यांसमोर मांडला गेला याचं मला दुःख आहे. ह्या वाक्याला ते घाबरतील बघ.

तुझ्यावर मी रागावेन असं तुला वाटलंच कसं? आपण एका ताटातले. आपलं माणूस अडचणीत आलं की मागचं काढायचं नसतं.

लग्न पक्कं झालं. पुढच्या महिन्याच्या शेवटी. घराला रंग लागतोय, बाईंनी पडदे स्वतः शिवले. मुलगी मधेच म्हणत होती, लग्नाआधी एकदा आईला बघून येऊ का, नुसतं लांबून. मी म्हटलं, डॉक्टरांनी मना केलंय, तुला बघून ती बिथरेल. ऐकेल असं वाटतं, पण हल्लीच्या पोरींचा भरवसा नाही. आली तर सांभाळून घे.

लग्नात तिच्याजवळ घरातली वडील बाई म्हणून तूच उभी राहायचंस. रजा आत्ताच टाक.

तुझा
दादा

२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

लग्नात गडबडीत बोलता आलं नाही म्हणून सगळं सविस्तर लिहिते. तू विचारत होतास ना, शेवटी कसं काय मिटलं.

बैठक चांगली झाली. सगळ्यांची मतं मी आधीच त्यांच्या तोंडात घालून ठेवली होती. थोरली आया म्हणाली, गाणं झालं की बायकांची पोटं बिघडतात. एक डॉक्टर हसले, तरी लिहून घेतलं. धाकटी रडत म्हणाली, गुरुवारनंतर त्या अनावर होतात, आम्हाला जिवाची भीती वाटते. भीती खरीच होती तिची, फक्त कशाची ते ती बोलली नाही. मी म्हटलं, झोपा उडाल्या, गोळ्या वाढवाव्या लागल्या. पेटीवाली एकदम उभी राहिली. म्हणाली, तुम्हीच मला सांगितलं होतंत की गोळ्या कमी झाल्या. मी म्हटलं, मी असं कधीच म्हटलेलं नाही. मग तुझा अर्ज वाचून दाखवला गेला, आणि पेटीवाली खाली बसली. मोठ्या डॉक्टरांना सगळं कळलेलं आहे असं मला वाटतं. पण पाहुण्यांसमोर झालेलं निस्तरायला त्यांनाही काहीतरी बंद करायला हवंच होतं. न्हाणीची कडी काढली, पेटी बंद केली, प्रकरण मिटलं. कडीच्या जागी आता खुर्ची लावतो.

बायकांना मीच सांगितलं. वहिनीकडे बोट करून म्हटलं, गुरुवार बंद झाला, आणि का झाला ते हिला विचारा. मला आणखी काही करावं लागलं नाही. त्याच दिवशी तिचं अंथरूण ओलं केलं गेलं. जेवताना तिच्या बाकावर कुणी बसेना. ज्या शेजारणीसाठी तिने ते गाणं केलं, तीच तिच्या ताटात थुंकली. वहिनी दोन-तीन दिवस त्यांना समजावत होती, मग माझ्याकडे आली. उभी राहिली, किल्ल्यांकडे बघत होती. म्हणाली, "वन्सं, मी पुन्हा कधी काही बोलले नाही, तर पेटी परत आणाल?"

मी म्हटलं, एक शब्दही नाही. कुणाशीही नाही. मग बघू.

तिने मान हलवली आणि गेली. तेव्हापासून बोललेली नाही. तुझी मुलगी आली त्या दिवशीही नाही.

हो, ती आली होती. लग्नाच्या आठवडाभर आधी, तुला न सांगता. फाटकावरून निरोप आला तेव्हा तिला परत पाठवणार होते, पण तू म्हटलंस सांभाळून घे, म्हणून मीच तिला आत नेलं. वहिनीला बाकावर आणून बसवलं. पोरगी समोर बसली. मग म्हणाली, आई, मी आले. माझं लग्न आहे.

दादा, ती ओळखत नाही असं तुला वाटत असेल तर काढून टाक. मुलीला दारात पाहिलं तेव्हाच तिच्या ओठांचा आकार झाला होता, हाक मारायला होतो तसा. मग ती माझ्याकडे वळली. मी भिंतीला टेकून उभी होते. मी नुसती मान हलवली असती तर ती बोलली असती. ती माझ्याकडेच बघत राहिली, मुलीकडे बघेना. दोन्ही हातांनी बाकाची कड धरून बसली होती. मुलगी तिचे गुडघे हलवून पुन्हा पुन्हा म्हणत होती, आई, माझ्याकडे बघ ना. शेवटी उठली, डोळे पुसले आणि मला म्हणाली, "बाबा खरं सांगत होते, आत्या. मीच उगाच शंका घेतली." जाताना मला मिठी मारली आणि आईचं इतकं करता म्हणून माझे हात हातात घेतले. तुझ्यावर तिचा काडीचाही संशय राहिलेला नाही. तू सुखाने झोप.

पोरगी फाटकाबाहेर गेली. मी वहिनीला उठवायला गेले तर तिने बाकाची कड सोडली आणि माझी बाही धरली. तोंड घट्ट मिटलेलं. एका हाताने तिने हवेत पेटीचा भाता ओढल्यासारखं केलं, पुढे आणि मागे, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मी म्हटलं, बघू.

तुझी
बारकी